पदपथासाठी रहिवाशांनी काय करावे?

प्रश्न : माझ्या वृद्ध आईला घरापासून बसथांब्यापर्यंत सुरक्षितपणे चालत जाता येत नाही. आम्ही रहिवाशांनी नेमके काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपण उपकार मागत नाही, सुरक्षित पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि पुणे महापालिकेने तर २०१६ सालीच पादचारी धोरण स्वीकारले आहे. म्हणून प्रथम आईंसोबत ती वाट चालून पाहा आणि टेपने पदपथाची मोकळी रुंदी मोजा. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेनुसार ती किमान १.८ मीटर हवी, आणि खांब, विजेच्या पेट्या किंवा उभ्या दुचाकींनी अडवलेली जागा तीत धरायची नसते. माझ्या मते तक्रारीचे सारे बळ या एका मोजमापात आहे. पदपथाची उंचीही नोंदवा, कारण ती १५ सेंटिमीटरहून अधिक असेल तर गुडघे दुखणाऱ्या माणसाला रस्त्यावरूनच चालावे लागते. ही मोजमापे छायाचित्रांसह क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. शिवाय पुण्यात नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत २००६ पासून आहे. तिचा अर्ज सर्व रहिवाशांनी मिळून भरावा.