वाचकांचे प्रश्न : चौथी सही आणि आठवा सर्व्हर

प्रश्न : आमच्या सहकारी बँकेत कोअर बँकिंग किंवा त्याला जोडलेल्या कोणत्याही प्रणालीत बदल करायचा झाल्यास चेंज रिक्वेस्टच्या अर्जावर तीन अधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. तरीही गेल्या तिमाहीत दोनदा बदलानंतर शाखांचे व्यवहार अडले. आता चौथी सही वाढवण्याचा प्रस्ताव आहे. त्याचा उपयोग होईल का? — माहिती तंत्रज्ञान अधिकारी, सांगली जिल्हा

उत्तर : फारसा होणार नाही. उलट मंजुरीला उशीर होऊन अनेक बदल एकत्र साचले, तर बिघाडाचे नेमके कारण शोधणे अधिकच अवघड होईल. सही करणारा अधिकारी अर्जात लिहिलेले वाचतो. प्रत्यक्ष सर्व्हरवर कोणती आवृत्ती चालू आहे आणि मंजूर झालेला बदल सर्व ठिकाणी पोहोचला की नाही, हे त्याला अर्जावरून कळण्याची सोय नसते.

अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली कंपनीचे प्रकरण या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. जुलै २०१२ च्या अखेरीस कंपनीने शेअरच्या ऑर्डर पुढे पाठवणाऱ्या ८ सर्व्हरवर नवा कोड चढवायला घेतला. तो ७ सर्व्हरवर चढला आणि एकावर राहून गेला. त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेला एक जुना कोड तसाच पडून होता, आणि नव्या कामासाठी जो फ्लॅग (कोड चालू-बंद करणारी खूण) निवडला होता, तोच पूर्वी त्या जुन्या कोडला जागा करत असे. १ ऑगस्ट रोजी बाजार उघडताच हा सर्व्हर नको असलेल्या ऑर्डर पाठवत सुटला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. बाजार उघडण्यापूर्वी प्रणालीने कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठवले होते, परंतु त्यांकडे इशारा म्हणून कोणी पाहिले नाही. त्याहून बोलका भाग पुढचा आहे. दोष नव्या कोडात असावा, असे समजून तो उरलेल्या ७ सर्व्हरवरूनही काढण्यात आला. त्यामुळे तेथेही जुना कोड जागा झाला आणि नुकसान वाढले. कोणत्या यंत्रावर काय आहे, याचे खात्रीशीर चित्र त्या क्षणी कोणापुढेच नव्हते. बदल चढवल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञाने तो तपासावा, असा लेखी नियमही कंपनीत नव्हता.

म्हणून चौथी सही घ्यायचीच असेल, तर ती बदल झाल्यानंतर घ्यावी आणि ती अशा व्यक्तीची असावी, जिने स्वतः प्रत्येक सर्व्हरवर, डीआर साइटवरील (आपत्तीसाठी ठेवलेल्या पर्यायी केंद्रातील) सर्व्हरवरही, आवृत्ती आणि कॉन्फिगरेशन (प्रणालीची मांडणी व सेटिंग) तपासले आहे. अर्जात बाधित यंत्रांची नावे एकेक करून लिहिणे सक्तीचे करा. ‘सर्व ॲप्लिकेशन सर्व्हर’ असा मोघम उल्लेख असेल, तर अर्ज परत पाठवा. रोलबॅकच्या, म्हणजे बदल मागे घेण्याच्या, रकान्यात ‘पूर्वस्थितीवर आणू’ एवढेच लिहिण्याची पद्धतही बंद व्हायला हवी. ब्रिटनच्या आरबीएस बँकेत जून २०१२ मध्ये बॅच शेड्युलरचे (ठरलेली कामे क्रमाने चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) अपग्रेड मागे घेण्यात आले, परंतु मागे घेण्याची ही कृती पुरेशी तपासलेली नव्हती आणि त्यातूनच लाखो ग्राहकांचे व्यवहार रखडले. बँकेला पुढे ५.६ कोटी पौंड दंड झाला. यूएटीमध्ये (प्रत्यक्ष वापरापूर्वीच्या चाचणी प्रणालीत) बदल चढवून पाहता, तसा तो उतरवूनही पाहा.

प्रश्न : चाकणच्या आमच्या कारखान्यात सॅप (कारखान्याचे सर्व व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर) आहे आणि भोवती अनेक छोट्या प्रणाली जोडलेल्या आहेत. कॉन्फिगरेशनची नोंद कोठून सुरू करावी? सल्लागार मोठे सॉफ्टवेअर घ्यायला सांगतात. — एक वाचक, पुणे

उत्तर : सॉफ्टवेअर नंतर घ्या. आधी ठरवा, की काय बंद पडले तर माल गेटबाहेर जाणार नाही. बहुधा ती साखळी ई-इनव्हॉइस, ई-वे बिल, लेबल प्रिंटिंग आणि ग्राहक कंपनीकडे जाणारी पाठवणीची माहिती एवढीच निघेल. प्रत्येक दुव्याची आवृत्ती, जबाबदार व्यक्ती, कोणत्या यूजर खात्याने जोडणी होते आणि जोडणीचे डिजिटल सर्टिफिकेट कधी संपते, एवढे लिहिले तरी सुरुवातीला पुरे. शेवटचे दोन रकाने हमखास विसरले जातात, म्हणून ते मुद्दाम सांगितले.

एक्सेलला माझा विरोध नाही. हाताने भरलेली नोंद महिन्याभरात शिळी होते, ही खरी अडचण आहे. शक्य तेथे माहिती यंत्रातूनच आपोआप काढा आणि दर आठवड्याला नोंदीशी ताडून पाहा. जो फरक दिसेल, तो अर्ज न करता झालेला बदल समजावा. सॅपमध्ये प्रॉडक्शन क्लायंट (प्रत्यक्ष कामकाजाची प्रणाली) थेट बदलांसाठी बंद आहे ना, हे आजच तपासा. रात्री वेंडरने थेट प्रॉडक्शनमध्ये केलेली दुरुस्ती डेव्हलपमेंटमध्ये (बदल तयार करण्याच्या प्रणालीत) परत नोंदवली नाही, तर त्याच ऑब्जेक्टचा (प्रोग्राम किंवा सेटिंगचा) पुढचा ट्रान्सपोर्ट, म्हणजे तेथून प्रॉडक्शनमध्ये जाणारा बदलांचा संच, ती पुसून टाकतो आणि ‘सुटलेली’ तक्रार पुन्हा उभी राहते.

हा विषय नुसता कागदी नाही. रिझर्व्ह बँकेने २४ एप्रिल २०२४ रोजी कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन माध्यमातून नवे ग्राहक घेण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने नोंदवलेल्या त्रुटींमध्ये आयटी मालमत्तेची यादी आणि पॅच (सॉफ्टवेअरमधील दुरुस्त्या) व बदल व्यवस्थापन या दोन्ही बाबी होत्या. हे निर्बंध फेब्रुवारी २०२५ मध्ये उठले. कारखान्यावर असा नियामक नसतो. त्यामुळे ही शिस्त आपणच लावून घ्यावी लागते.

प्रश्न : ३१ मार्चच्या आधी सर्व बदल गोठवणे योग्य आहे का? — लेखापाल, नाशिक

उत्तर : योग्य आहे, मात्र तातडीचे सुरक्षा पॅच त्यातून वगळावेत. बंदी उठल्यावर साचलेले सर्व अर्ज एकाच रात्री उरकण्याचा मोह होतो. त्याऐवजी ते एप्रिलच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत विभागून घ्यावेत आणि मार्चअखेरच्या नोंदी पूर्ण होईपर्यंत लेखाविभागाशी संबंधित बदल रांगेत शेवटी ठेवावेत.