नजर कुठे, लक्ष कुठे?

प्रश्न : मी 10 मीटर एअर पिस्तूलचा सराव करते. फ्रंट साइटवर (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर) नजर ठेवली की टार्गेटचा काळा गोल धूसर होतो. दोन्ही एकदम स्पष्ट कसे दिसतील?

उत्तर : दिसणार नाहीत, आणि त्यासाठी झटूही नका. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस होतो. स्पष्ट हवी ती फ्रंट साइट. दोन साइट्समधलं अंतर 35 सेंमी धरा. फ्रंट साइट रिअर साइटच्या (पिस्तुलाच्या मागच्या टोकावरच्या खुणेच्या) खाचेत 1 मिमी सरकली, तर छर्रा टार्गेटवर सुमारे 28 मिमी बाजूला पडतो. मिळतात 7 गुण. उलट साइट्स जुळलेल्या असताना अख्खा हात 5 मिमी हलला, तर छर्राही तेवढाच सरकतो. 10चं वर्तुळ 11.5 मिमी व्यासाचं आहे, त्यामुळे 10 शाबूत! गोल धूसरच राहू द्या.

पिस्तूल वरून खाली आणत गोलाखालच्या पांढऱ्या भागात स्थिर करा. नजर फ्रंट साइटच्या वरच्या कडेवर टेकली की ट्रिगरवर दाब वाढवत राहा. शॉट 5 ते 8 सेकंदांत सुटावा. 10 सेकंद झाले तर हात खाली घ्या. यात बरेच जण हट्ट करतात आणि थकलेल्या डोळ्याने, थरथरत्या हाताने शॉट वाया घालवतात. शॉटनंतरही नजर सेकंदभर तिथेच हवी. दुसरा डोळा मिटू नका, चेहरा ताणला जातो. त्यापुढे ब्लाइंडर, म्हणजे डोळा झाकणारी छोटी पट्टी, लावा.

प्रश्न : मी उजव्या हाताने खेळतो. शॉट डावीकडे खाली जातात, म्हणून बोटावर लक्ष देतो, तरी सुधारणा नाही.

उत्तर : गोल मनासारखा दिसताच तुम्ही ट्रिगर झटकत असणार, बोटाबरोबर सगळा पंजा आवळला जातो. सामन्यात बोटावर पहारा ठेवला की हालचाल आणखी अडखळते. शारीरिक हालचाली कशा शिकल्या जातात याच्या अभ्यासक गॅब्रिएले वुल्फ यांच्या संशोधनातही लक्ष अवयवापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवलेलं बहुधा फायद्याचं ठरलं आहे. तुमच्यासाठी तो परिणाम म्हणजे शॉट सुटतानाही न हललेली फ्रंट साइट. बोटाची जागा आणि पकड छर्रा न भरता, ड्राय प्रॅक्टिसमध्ये तपासा.

मग टार्गेट उलटं लावून कोऱ्या बाजूवर 10 शॉट मारा. ग्रुप (छिद्रांचा पुंजका) नेहमीपेक्षा लहान आला, तर नजर गोलाकडे धावते हाच दोष. आठवडाभर निम्मा सराव कोऱ्या कागदावरच करा.