यकृतातली गाठ : दुर्बिणीतून की पोट उघडून?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीच्या (वय ३४) यकृतात डाव्या टोकाला ६ सेंटिमीटरची ॲडिनोमाची गाठ आहे. गर्भनिरोधक गोळ्या बंद करून सहा महिने झाले, तरी एमआरआयमध्ये गाठ तेवढीच. सर्जन दुर्बिणीतून काढू म्हणतात. घरच्यांचं म्हणणं, पोट उघडून, हाताने चाचपून काढलेली बरी. काय करावं?

उत्तर : ताई, छेद लहान आहे म्हणून ऑपरेशन उरकून टाकायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. पण इथे गाठ काढायलाच हवी. ॲडिनोमा ही दुर्मीळ आणि बहुधा साधी गाठ. गोळ्या थांबवल्यावर ती पुष्कळदा आक्रसते, म्हणून आधी वाट पाहतात. ती पाहून झाली. ५ सेंटिमीटरच्या वर गेलेली गाठ फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. क्वचित तिचा कर्करोगही होतो.

यकृताचे आठ भाग मानतात. डाव्या टोकाचे दुसरा आणि तिसरा हे दुर्बिणीला सर्वांत सोयीचे. हीच गाठ सातव्या-आठव्या भागात, वर मागे दडलेली असती, तर मीही दहादा विचार केला असता.

चाचपण्याचं म्हणाल, तर खोलवरची शीर बोटांना कळत नाही. सर्जन सोनोग्राफीचा प्रोब थेट यकृतावर टेकवतात; गाठ आणि शीर यांतलं अंतर पडद्यावर दिसतं. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बारीक शिरांतून झिरपणारं रक्तही कमी होतं. शिवाय यकृताकडे येणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवती फीत घालून ठेवतात. गरज पडली तर ती साधारण १५ मिनिटं आवळायची, ५ मिनिटं सैल सोडायची. ही युक्ती १९०८ पासूनची, दुर्बिणीच्या कितीतरी आधीची.

एवढी गाठ बाहेर येते ती पिशवीत घालून, ओटीपोटावरच्या सिझेरियनसारख्या आडव्या छेदातून. तुकडे करत नाहीत. पॅथॉलॉजिस्टला ती अख्खी हवी असते.

रक्त आटोक्यात येईना तर सर्जन पोट उघडतील. त्याची संमती आधीच द्या, आणि तसं झालं तर ऑपरेशन फसलं असं समजू नका. दुर्बिणीतून यकृताची किती ऑपरेशनं केलीत, हे त्यांना खुशाल विचारा. पित्ताशयाची धरायची नाहीत!

त्या गोळ्या मात्र पुन्हा सुरू करू नका. तांबी किंवा हॉर्मोन नसलेला दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा.