वडील गेल्याचं दुःख फोटोतून मांडायचंय. क्रूस, सायबीण (येशूची आई मेरी) अशा धार्मिक प्रतिमांचा आधार घेऊ का?

जरूर घ्या. पण नुसता पेहराव उचलू नका, त्या मूर्तीत दुःख नेमकं कुठे साठलंय ते शोधा. अमेरिकेतले फोटोग्राफर फ्रेड हॉलंड डे यांनी १८९८ साली स्वतःच ख्रिस्त होऊन ‘सेव्हन वर्ड्स’ ही सात फोटोंची मालिका केली. त्यासाठी केस वाढवले, उपाशी राहून अंग वाळवलं. तरी सातही फोटोंत मुख्य आहे तो जवळून टिपलेला चेहरा.

आपल्या गोव्यात गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत दुःखी मातेची मूर्ती नीट बघा. छातीत सुरी असते, पण मला धरून ठेवतो तो हातातला रुमाल. माझे बाबा गेले तेव्हा मी तेवढंच घेतलं: आईच्या मुठीत बाबांचा पंचा, बाकी काळोख. उजेड जुन्या घरातल्या काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडकीचा. तो दुधासारखा मऊ येतो, सावल्या टोचत नाहीत. एक्सपोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मं ठेवा, फ्लॅश नको.

चर्चमध्ये किंवा देवळात फोटो काढणार असाल तर पाद्रींना, भटजींना आधी विचारा. आणि पहिला फोटो घरातल्यांना दाखवा, दुःख त्यांचंही आहे.