तालुक्याच्या पत्रकाराला कृत्रिम बुद्धिमत्तेची भीती वाटते का?

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आपली गरज उरणार नाही, अशी भीती तालुका पातळीवरील पत्रकारांना वाटते का, असे आपण विचारले आहे. मराठवाड्यातील एका तालुक्यातून मी १९ वर्षे बातम्या पाठवत आलो आहे आणि माझ्या अनुभवात ही भीती आमच्यात फारशी आढळत नाही. आमचे मानधन इतके तुटपुंजे असते की, ते वाचवण्यासाठी कुणी यंत्र आणावे असे त्यात काही नाही. आमच्यापैकी अनेकांचे घर जाहिरातींच्या कमिशनवर चालते, आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात मागायला यंत्र काही त्याच्या दारात जाऊन बसणार नाही.

वापर मात्र आम्ही सर्रास करतो. औरंगाबाद खंडपीठाच्या इंग्रजी निकालाचा मराठी गोषवारा चॅटजीपीटीकडून पाच मिनिटांत मिळतो (तो मूळ निकालाशी ताडून पाहावा लागतो, हे वेगळे), आणि बातमी टंकण्याऐवजी फोनवर बोलूनच उतरवता येते.

आमची खरी तक्रार आमच्या हातातून बातमी गेल्यानंतर काय घडते याविषयी आहे. एकदा मी तालुक्यातील सर्व गावांची पैसेवारी ५० पैशांच्या आत आल्याची बातमी पाठवली. पीक कापणी प्रयोगातून काढलेले उत्पन्न प्रमाण उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी भरले, असा त्याचा अर्थ होतो आणि जमीन महसुलातील सूट, परीक्षा शुल्कमाफी अशा टंचाईतील सवलती त्यावर अवलंबून असतात. डेस्कवर बातम्यांचे पुनर्लेखन यंत्राकडून होऊ लागले होते, हे मला कुणी कळवले नव्हते. दुसऱ्या दिवशी छापून आले, ‘शेतकऱ्यांना ५० पैशांपेक्षा कमी मदत’, आणि खाली ‘आमच्या वार्ताहराकडून’ ही ओळ जशीच्या तशी होती.

यंत्राला पैसेवारी कळली नाही, याचे मला फारसे नवल वाटले नाही. ती शहरात वाढलेल्या उपसंपादकालाही अनेकदा कळत नाही, परंतु तो निदान फोन करून विचारत असे. त्या सकाळी बसस्थानकासमोरच्या हॉटेलात एका शेतकऱ्याने मला चारचौघांत विचारले, “काय पत्रकार, ते पन्नास पैसे घ्यायला कोणत्या बँकेत जायचं?” शुद्धिपत्रक तीन दिवसांनी, आतल्या पानावर आले.

तेव्हापासून पैसेवारीची बातमी पाठवताना मी तिचा अर्थ पहिल्याच वाक्यात लिहितो आणि पान छपाईला जाण्यापूर्वी डेस्कला फोन करून मथळा वाचून घेतो.