शासनावर दिवाणी दावा: कलम ८० च्या नोटिशीला कमी लेखू नका

आपला प्रश्न असा आहे की, राज्य शासनाच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने रस्ता रुंद करताना संपादनाची कोणतीही कार्यवाही न करता आपल्या शेताचा काही भाग ताब्यात घेतला. आता दोन महिन्यांची नोटीस टाळून थेट दावा लावता येईल का? माझे स्पष्ट मत आहे की टाळू नये. मी दिवाणी न्यायालयात वकिली करतो, आणि मुळात सबळ असलेले दावे या पहिल्या पायरीवरच अडलेले पाहिले आहेत.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ८० प्रमाणे लेखी नोटीस पोचवून पूर्ण दोन महिने थांबावे लागते, आणि त्याआधी लावलेला दावा चालू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच स्पष्ट केले आहे. तातडीच्या मनाई हुकमासाठी न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावण्याची सोय आहे खरी. पण शासनाला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय अंतरिम आदेशही मिळत नाही, आणि तातडी पटली नाही तर वादपत्र परत केले जाते. आपला ताबा आधीच गेलेला असल्याने ही वाट आपल्या उपयोगाची दिसत नाही. नोटिशीचा काळ मुदत कायद्याच्या कलम १५ नुसार मुदतीतून वगळला जातो, म्हणून थांबण्याने त्या बाबतीत नुकसान होत नाही.

नोटीस वादपत्राइतक्याच काळजीने लिहावी. आपले नाव, वर्णन, राहण्याचे ठिकाण, दाव्याचे कारण आणि मागणी या गोष्टी तीत असल्याच पाहिजेत. त्याशिवाय गट क्रमांक, गेलेले क्षेत्र, ताबा केव्हा व कोणी घेतला हेही लिहावे, आणि ताबा हवा की मोबदला हे आधीच ठरवावे. किरकोळ चुकीमुळे दावा फेटाळला जात नाही, परंतु ज्या मागणीचा नोटिशीत मागमूसही नाही ती पुढे आणली की हरकत ठरलेलीच. नोटीस संबंधित खात्याच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, पोच जपून ठेवावी आणि ती दिल्याचे वादपत्रात नमूद करावे. प्रतिवादी म्हणून मात्र ‘महाराष्ट्र राज्य’ लिहावे, कारण विभागाला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व नसते. (काम महानगरपालिकेचे असते तर कलम ८० लागूच झाले नसते, तिच्या कायद्यात एका महिन्याची वेगळी नोटीस आणि दाव्यासाठी बरीच कमी मुदत आहे.)

बेकायदा बेदखल झालेल्याला सहा महिन्यांत केवळ पूर्वीच्या ताब्याच्या आधारे दावा करू देणारे विशिष्ट साहाय्य कायद्याचे कलम ६ शासनाविरुद्ध वापरता येत नाही. म्हणजे आपला ताब्याचा दावा मालकीवरच उभा राहणार. त्यासाठी साधारणपणे १२ वर्षांची मुदत मिळते, पण त्याच कारणाने खरेदीखत, सातबारा, फेरफार आणि सरकारी मोजणीचा नकाशा यांना फार महत्त्व येते. मोजणी झाली नसेल तर तिचा अर्ज नोटिशीच्याही आधी करावा, कारण क्षेत्र मोघम लिहिलेल्या नोटिशीला ‘जागा रस्त्याच्या हद्दीतलीच आहे’ एवढे एका ओळीचे उत्तर येते आणि दाव्यात पहिला वाद हद्दीचाच होऊन बसतो.

२००५ मध्ये सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा नोटिशींना उत्तर देण्यासाठी अधिकारी नेमण्यास शासनांना सांगितले होते. तरीही बहुतेक वेळा उत्तर येत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. दोन महिने उत्तराविना गेले, तर तेही वादपत्रात तारखांसह लिहावे आणि खर्चाची मागणी करताना न्यायालयापुढे आणावे.