‘कासीके’ म्हणजे जमीनदार नव्हे

एका वाचकांनी विचारले आहे की, एकोणिसाव्या शतकातील स्पेनचे पंतप्रधान कानोव्हास यांच्यावरील एका मराठी लेखात “कॅसिक, म्हणजे जमीनदार, यांच्या जोरावर त्यांनी निवडणुका जिंकल्या” असे वाक्य आहे. त्यातील ‘कॅसिक’ हा उच्चार आणि ‘जमीनदार’ हा प्रतिशब्द बरोबर आहे का?

दोन्ही चूक आहेत, आणि ही जोडचूक इतक्या व्याख्यानांतून कानांवर पडते की आता राहवत नाही. ‘कॅसिक’ हा इंग्रजीतून आलेला उच्चार आहे. स्पॅनिशमध्ये शब्द ‘कासीके’ असा आहे. माद्रिदकडे त्यातील ‘स’ची जागा ‘थ’सारखा दंत्य ध्वनी घेतो, अमेरिका खंडातील स्पॅनिशमध्ये सर्वत्र ‘स’च चालतो, परंतु शेवटचा ‘के’ कोणीही गिळत नाही. पंतप्रधानांचे नावही ‘कानोबास’ असे, पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणावे.

आता शब्दाच्या जन्माकडे येतो. हा शब्द मुळात स्पॅनिश नाहीच; तो कॅरिबियन बेटांवरील ताईनो लोकांचा, म्हणजे ज्या भाषेतला ‘बटाटा’ पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या स्वयंपाकघरात आला, त्याच भाषेतला आहे. ताईनोंमध्ये ‘बटाटा’ म्हणजे रताळे आणि ‘कासीके’ म्हणजे टोळीचा प्रमुख. 1492 च्या डिसेंबरात कोलंबस हिस्पान्योला बेटाच्या किनाऱ्यावर होता, तेव्हाच्या त्याच्या रोजनिशीत हा शब्द भेटतो. मूळ रोजनिशी हरवली असली, तरी लास कासास या धर्मगुरूंनी करून ठेवलेल्या तिच्या गोषवाऱ्यात तो टिकला आहे. असे असताना 1611 च्या आपल्या कोशात कोबार्रुबिआस यांनी हा शब्द मेक्सिकोच्या भाषेतला ठरवला आणि वर त्याचे मूळ ‘बळ’ या अर्थाच्या हिब्रू धातूत शोधले. कोशकार म्हणून त्यांचा अधिकार मोठा आहे, पण येथे त्यांनी समोरचा पुरावा सोडून बायबलमधील आदिपुरुषांच्या वंशजांमागे धाव घेतली, हे स्पष्ट म्हटलेच पाहिजे.

स्पॅनिश राजवटीने ही पदवी पुढे अमेरिकेतील सर्व स्थानिक प्रमुखांना लावली. हा कासीके वंशपरंपरागत असे, गावाकडून खंडणी गोळा करून देई आणि स्वतः त्या खंडणीतून सुटलेला असे. त्याच्यासाठी कोणी ‘पाटील’ म्हटले तर माझी हरकत नाही, कारण पाटलाप्रमाणे त्यालाही मान्यता आणि हक्क होते. पण मग हाच शब्द समुद्र ओलांडून उलटा स्पेनमध्ये आला आणि तिथल्या गावातल्या वजनदार माणसाला लागू लागला. काही अभ्यासक हा नवा अर्थ कानोबास यांच्या काळात, किंवा 1901 मध्ये होआकीन कोस्ता या सुधारणावादी विचारवंतांनी माद्रिदच्या आतेनेओ संस्थेत घडवून आणलेल्या प्रसिद्ध चर्चेत जन्मला, असे सांगतात. ते मला मुळीच मान्य नाही. स्पॅनिश अकादमीच्या 1729 च्या कोशखंडातच, गावात सर्वांहून अधिक वजन असलेला आणि इतरांना धाकात ठेवू पाहणारा माणूस, असा लाक्षणिक अर्थ नोंदलेला आहे. कोस्ता यांनी त्या शब्दाला राजकीय धार दिली, एवढेच.

माझे मत असे आहे की या शब्दाचा गाभा सत्ता हा नसून मधली जागा हा आहे. अमेरिकेत कासीके राजसत्ता आणि गाव यांच्या मधे उभा होता, स्पेनमध्ये तो माद्रिद आणि गाव यांच्या मधे उभा राहिला. फरक इतकाच की येथे त्याच्या हाती कसलीही सनद नव्हती. तो जमीनदार असे तसा वकील, डॉक्टर किंवा नगरपालिकेचा चिटणीसही असे. एखाद्याच्या मुलाची सक्तीच्या लष्करभरतीतून सुटका, कुणाच्या कराची फेरआकारणी, कुणाला सरकारी नोकरी, एवढे त्याच्या शब्दावर होत असे, आणि त्याची परतफेड मतदानाच्या दिवशी करायची असे.

कानोबास यांची घडी याच माणसावर बसली होती. 1828 मध्ये मालागा येथे एका शिक्षकाच्या घरी जन्मलेल्या या इतिहासकाराने 1874 च्या अखेरीस बूर्बों घराणे पुन्हा गादीवर आणले, 1876 ची राज्यघटना घडवली आणि उदारमतवादी सागास्ता यांच्याबरोबर आळीपाळीने सत्ता घेण्याचा संकेत रूढ केला. राजा आधी पंतप्रधान नेमी, मग संसद विसर्जित होई आणि मग निवडणूक होऊन नव्या पंतप्रधानाला बहुमत मिळे. गृहमंत्री मतदारसंघांच्या तक्त्यातील एकेक खण उमेदवारांच्या नावांनी भरत असे. ‘खण’ या अर्थाच्या ‘कासिल्या’ शब्दावरून त्याला ‘एन्कासिल्यादो’ म्हणत. खेड्यात ते तडीस नेणे कासीकेचे काम होते. मते कमी पडली तर कालवणाच्या मडक्यात, म्हणजे ‘पुचेरो’त, राखून ठेवलेल्या चिठ्ठ्या मतपेटीत ओतल्या जात, आणि त्यावरूनच मतचोरीला ‘पुचेरासो’ हे नाव पडले. मेलेल्यांच्या नावावर मते पडत, त्या मतदारांना, बायबलमध्ये मरणातून उठलेल्या लाझरसवरून, ‘लासारो’ म्हणत. 1890 मध्ये सागास्ता सरकारने 25 वर्षांवरील सर्व पुरुषांना मताधिकार दिला, तरी 1891 मध्ये बहुमत आले ते तेव्हा सत्तेवर असलेल्या कानोबास यांनाच. ऑगस्ट 1897 मध्ये सांता आगेदा येथील औषधी झऱ्यांच्या स्नानगृहात इटालियन अराजकवादी आंजोलिल्लो याने त्यांना गोळ्या घातल्या. पुढच्याच वर्षी क्यूबा आणि पोर्तो रिको, म्हणजे ताईनोंचीच बेटे, स्पेनच्या हातून गेली. शब्द मात्र स्पेनच्या खेड्यांत राहिला.

प्रतिशब्दाचे सांगायचे तर, हाती पद नसताना ज्याच्या शब्दाला वजन असते, त्या माणसाला मराठीत ‘गावातले बडे प्रस्थ’ म्हणतात, आणि येथे तेच शोभते. तेव्हा त्या लेखातील वाक्य असे हवे: “गावोगावच्या कासीकेंच्या, म्हणजे माद्रिद आणि खेडे यांच्या मधे बसलेल्या बड्या प्रस्थांच्या, जोरावर कानोबास यांनी निवडणुका जिंकल्या, आणि त्यांच्याच जोरावर सागास्ता यांनीही.”